अदृश्याची व्यवस्था

वैशेषिक दर्शनाच्या आचार्यांनी आकाश डोळ्यांनी पाहिले नव्हते. शब्द हा गुण, त्याला आश्रय हवा, आणि अन्य द्रव्यांत तो बसत नाही, एवढ्या परिशेषानुमानावर, म्हणजे बाकीचे वगळून उरेल त्याच्या अनुमानावर, त्यांनी ते मान्य केले. वायफायचे जाळे उभारायला शिकणारा विद्यार्थीही याच वाटेने जातो: राउटर शाबूत, पासवर्ड बिनचूक, तरी स्वयंपाकघरात जोडणी तुटते, तेव्हा उरलेला संशयित मायक्रोवेव्ह, कारण तोही २.४ गिगाहर्ट्‌झच्याच आसपास चालतो. त्या पट्ट्यात १, ६, ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या हद्दीत न शिरता नांदतात. शेजाऱ्याने मधलाच ३ क्रमांक बळकावला, तर दाद मागायला मामलेदार कचेरी नाही. यंत्र मात्र बोलण्यापूर्वी चॅनेल मोकळा आहे का ते ऐकते, नसल्यास थांबते. या संयमाला धर्म म्हणावे काय? जे करणे, न करणे वा अन्यथा करणे कर्त्याच्या हाती असते, ते कर्म, असे शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात सांगतात. राउटरला असा पर्याय नाही, म्हणून त्या कसोटीवर त्याचा संयम पुण्यात जमा होणार नाही; चॅनेल निवडणाऱ्या व्यवस्थापकाचा कदाचित होईल.