गोंदण कुणाचं?

हिवरा आश्रमच्या उन्हात मी नवा टॅटू जपतोय. हलक्या हाताने धुणं, पातळ मलम, पूर्ण बाही आणि खपली खाजली तरी नखं आवरणं.

आजीला तिच्या लहानपणी न विचारताच गोंदलं होतं. माझं मी निवडलं. म्हणून ते जास्त माझं?

2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की शाई त्वचेतल्या रक्षक पेशी गिळून धरतात. एक मेली की तिची शाई दुसरी उचलते. म्हणजे ‘कायमचं’ हेही सतत सांभाळलेलंच असतं.

आजीनेही आपलं गोंदण आयुष्यभर वागवून आपलंसं केलं. त्याने तिला न विचारणं योग्य ठरत नाही. पण निवड तासाभराची असते, आपलेपण त्यानंतर कमवावं लागतं. माझं तर अजून खपलीवरच आहे.