अडीच फुटांचा हिशेब

‘परवडत नाही’ हे आपल्या लोकांचं फार लाडकं वाक्य आहे. भाजी परवडत नाही, लग्नकार्य परवडत नाही, निवृत्त माणसाला तर नुसतं जगणंसुद्धा परवडत नाही. तरी सगळे जेवतात, लग्नं थाटात लागतात आणि निवृत्त मंडळी नव्वदी गाठतात. मात्र हेच वाक्य एखाद्या छोट्या रेल्वेबद्दल उच्चारलं की ती खरोखरच मरते. म्हणून ते जरा जपून उच्चारावं, अशा मताचा मी आहे.

बार्शी लाईट रेल्वेचंच घ्या. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आपलं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत २१ मैलांची लाईन सुरू केली. दोन रुळांत अंतर अवघं अडीच फूट. रूळ हलके, म्हणून कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये, हा त्याचा कटाक्ष. गरिबाघरी पाहुण्यानं बेतानं जेवावं, तसंच हे. पुढे ती पंढरपूरला गेली, १९११ साली लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. कापूस आणि वारकरी एकाच गाडीनं जात. विठ्ठलाला अठ्ठावीस युगं उभं राहायची सवय असल्यामुळे गाडीच्या उशिराबद्दल पंढरपुरात फारशी कुरकूर झाली नसावी.

एरवी आपण विलायतेकडून शिकतो; इथं विलायत बार्शीकडून शिकली. कॅल्थ्रॉपनं हाच अडीच फुटी नमुना इंग्लंडात नेला. स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात १९०४ साली आठेक मैलांची रेल्वे धावू लागली. मुख्य गिऱ्हाईक दूध. पण गावं वर टेकड्यांवर आणि स्टेशनं खाली नदीकाठी! मोटारलॉऱ्या आल्या, त्या गवळ्याच्या दारातूनच दूध उचलू लागल्या. १९३४ साली गाडी बंद झाली. आता त्या वाटेवरून लोक फिरायला जातात. कॅल्थ्रॉप तोवर वारला होता. मधल्या काळात या गृहस्थानं पॅराशूटही तयार केलं होतं. माणसांना अलगद खाली उतरवायची सोय त्यानं केली. रेल्वेला तशी सोय कुणी केली नाही.

त्या इंग्रजी गाडीसाठी मी डोळ्यांतून पाणी काढणार नाही. दुधाला बरी वाट मिळाली, प्रश्न मिटला. मागे उरते ती हौस, आणि हौसेचे पैसे हौशी माणसानंच द्यावेत. पण आपल्या विदर्भातली शकुंतला? मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर रमतगमत जाणारी, गेली काही वर्षं बंद असलेली. तिचं तिकीट एसटीपेक्षा पुष्कळ स्वस्त. ती थांबली तेव्हा रेल्वेचा तोटा थांबला, हे खरं. पण तो तोटा काही हवेत विरला नाही. आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या बाईच्या कनवटीला जाऊन बसला. तिथं हिशेबतपासनीस जात नाही.

मी राहतो नवी मुंबईत. इथं हिशेबाची तऱ्हाच निराळी. १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला आली, तिच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोनं उचलला. २०२४ साली गाडी उरणला पोचली, तिथंही तीच वाटणी. सिडकोला काय पास विकून श्रीमंत व्हायचं होतं? छे! गाडी आली की माणसं येतात, माणसं आली की जमिनीला भाव येतो. तिकिटात न दिसणारा फायदा इथं आधीच वहीत मांडला होता, आणि अगदी योग्य केलं. मग बार्शीच्या व्यापाऱ्याला किंवा यवतमाळच्या बाईला होणारा फायदा कुठल्या वहीत मांडायचा? तिथं विकायला भूखंड नाहीत, म्हणून फायदाच नाही असं कसं म्हणता येईल?

हे मी आमच्या शेजारच्या काकांना सांगितलं. काका आयुष्यभर हिशेब तपासत आलेत. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “जो वापरेल तो भरेल. एवढं साधं आहे.”

“काका, आपल्या सोसायटीची लिफ्ट दर महिन्याला तोट्यात चालते. एक पैशाचं तिकीट नाही. तळमजल्यावरच्या लोकांना तिचा उपयोग शून्य, तरी वर्गणी सारखीच. पुढच्या मीटिंगला बंद करायचा ठराव मांडू?”

काका सातव्या मजल्यावर राहतात. जरा वेळ गप्प राहिले. “लिफ्टची गोष्ट वेगळी,” म्हणाले, आणि आत डोकावून काकूंना चहा टाकायला सांगितला.