न टेकणारं चाक

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, तीन बोटं ठेवा. मोजू नका. ठोका लागेपर्यंत थांबा.

दिवसाला सुमारे 1 लाख ठोके पडतात. त्यातल्या एकाकडे लक्ष द्या. मग दुसरा येईपर्यंतच्या फटीकडे. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःपुरतं रक्त मिळतं ते मुख्यतः या फटीत. तेवढ्यात तो विसावतो, झीज भरून काढतो. धातूला ही सोय नाही. डिसेंबर 1982 मध्ये अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीला, बार्नी क्लार्क यांना ‘जार्विक-7’ हे कृत्रिम हृदय बसवलं. दोन आठवड्यांच्या आत त्याची एक झडप मोडली आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. क्लार्क त्या यंत्रावर 112 दिवस जगले.

श्वास सावकाश सोडा. आता रक्ताचा विचार करू. ताक घुसळावं तसं रक्त घुसळलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून जपून, हळू फिरवावं, तर ते कोपऱ्यात साचतं आणि गुठळी धरतं. ती मेंदूत गेली की पक्षाघात. एक अडचण सोडवली की दुसरी वाढते. मला हृदयाचा पंप घडवण्यातली खरी कसोटी इथं वाटते. ताकदवान पंप काय, विहिरीवरही असतो.

बेंगळुरूत होसूर रोडवर, बोम्मसंद्र्याला, डॉ. देवी शेट्टींचं नारायण हृदयालय आहे. थकलेल्या हृदयाच्या मदतीला पंप जोडण्याच्या शस्त्रक्रिया तिथं होतात. हृदय काढत नाहीत; डाव्या कप्प्याचं ओझं पंप उचलतो. या जातीच्या ‘हार्टमेट 3’ मधलं चाक डोळ्यांसमोर आणा. ते चुंबकाच्या बळावर तरंगत असतं, कशालाही न टेकता, मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेत. घासतच नाही, तर झिजणार कशानं? भोवतीची फटही ऐसपैस, म्हणजे पेशी चिरडत नाहीत.

पण चाक अखंड फिरतं, म्हणून रक्तही बरंचसं अखंड वाहतं. अशा माणसाच्या मनगटावर बोटं ठेवली तर पुष्कळदा काहीच लागत नाही. रक्तदाबाच्या नेहमीच्या यंत्रालाही आकडा नीट सापडत नाही. ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारा डॉपलर लावावा लागतो. आणि समोरचा माणूस मात्र चहा पीत, क्रिकेटवर बोलत बसलेला असतो! क्षणभर इथं थांबा. नाडीला आपण जीव मानत आलो. ती हाताला लागत नाही आणि जीव आहे.

त्याच्या पोटातून पंपाची एक वायर बाहेर येते. तिच्या तोंडाशी जंतू शिरू नयेत म्हणून रोज जपावं लागतं. कमरेला बॅटऱ्या, रात्री भिंतीतला प्लग. पावसाच्या सरीबरोबर बेंगळुरूची वीज गेली की आपण मेणबत्ती शोधतो. त्याच्या घरी चार्ज केलेल्या बॅटऱ्या हाताशी लागतात.

आता शेवटचं. ते चाक दर दोन सेकंदांनी आपला वेग क्षणभर उतरवतं आणि चढवतं. मूळ हृदयाच्या तालाशी त्याचं काही जुळत नाही. रक्त आत कुठं साचू नये, पंप धुऊन निघावा, यासाठी इंजिनिअरांनी मुद्दाम घातलेला हा ठोका आहे.