पाहुण्यांसाठी शांत ठेवलेला देश

2018 साली श्रीलंकेत 23 लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले. तोवरचा तो उच्चांक होता. 2009 मध्ये यादवी युद्ध संपलं त्या वर्षी हा आकडा साडेचार लाखांच्या घरात होता. नऊ वर्षांत तो पाचपट झाला. 2018 च्याच ऑक्टोबरात ‘लोनली प्लॅनेट’ने पुढच्या वर्षी आवर्जून पाहावेत अशा देशांची यादी काढली आणि श्रीलंकेला त्यात पहिला क्रमांक दिला. कोलंबोतल्या मंत्र्यांना आणखी काय हवं होतं?

आता त्याच वर्षातल्या दुसऱ्या घडामोडी पाहा. मार्चमध्ये कँडी जिल्ह्यात मुसलमानांची घरं, दुकानं आणि मशिदी जमावाने जाळल्या आणि सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. कँडी म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर असलेलं शहर, ज्याच्याशिवाय श्रीलंकेची कुठलीच सहल पुरी होत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेना यांनी पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांना एका संध्याकाळी काढून टाकलं आणि महिंदा राजपक्षे यांना त्या खुर्चीवर बसवलं. विक्रमसिंघे हटेनात. पुढे जवळपास दोन महिने देशात दोन माणसं स्वतःला पंतप्रधान म्हणवत होती आणि संसदेत खासदार मिरचीपूड फेकत होते. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केल्यावर डिसेंबरात विक्रमसिंघे परत आले, पण राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांच्यातला संवाद काही परत आला नाही. पर्यटकांचा आलेख या सगळ्या काळात खुशाल वर चढत होता.

विमानतळावर उतरणारी माणसं मोजून देशाची प्रकृती ठरवण्याची आपल्याला सवय लागली आहे. या मोजणीतून एवढंच कळतं की हॉटेलपासून समुद्रकिनाऱ्यापर्यंतचा रस्ता सुरक्षित आहे. त्या रस्त्याच्या पलीकडच्या गल्लीत कुणाचं दुकान जळतंय, हे ती सांगत नाही. श्रीलंकेच्या राज्यकर्त्यांनी ही मोजणी म्हणजेच शांततेचं प्रमाणपत्र मानलं आणि पुढच्या चार वर्षांत जनतेला त्याची किंमत मोजावी लागली.

21 एप्रिल 2019. ईस्टरचा रविवार. तीन चर्च आणि कोलंबोतली तीन पंचतारांकित हॉटेलं आत्मघाती स्फोटांनी हादरली. 260 हून अधिक माणसं मेली, त्यांत चाळीसेक परदेशी होती. स्फोट घडवणारे अतिरेकी होते आणि त्यांच्या क्रौर्याला कसलीही सबब नाही. पण भारतीय गुप्तचरांनी हल्ल्याचा नेमका इशारा आधीच देऊन ठेवला होता. तो कागद कचेऱ्यांमधून फिरत राहिला, कारण राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान एकमेकांशी बोलत नव्हते आणि सुरक्षा परिषदेच्या बैठकांना पंतप्रधानांना बोलावलंच जात नव्हतं. पर्यटक पळाले ते या स्फोटांनंतर. पण स्फोटांना वाट करून देणारी अशांतता रस्त्यावरची नव्हती, सत्तेच्या दालनातली होती. राजकीय अशांतता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टायर जाळणारी पोरं येतात. खुर्चीसाठी राज्यघटना वाकवणारे कोटधारी येत नाहीत.

मंदीचा मार कुणाला बसला? हंबनटोटा भागातल्या याला अभयारण्यात पर्यटकांना बिबटे दाखवायला नेणारी जीप चालकाने बहुधा हप्त्यावर घेतलेली असते. मिरिस्सा किंवा उनवटुनाच्या किनाऱ्यावर घराच्या दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या बाईने त्या खोल्यांना संडास-बाथरूम जोडण्यासाठी कर्ज काढलेलं असतं. गाइड, टुकटुकवाला, शहाळी विकणारा, हॉटेलला मासळी पुरवणारा, चादरी धुणारा, यांतल्या बहुतेकांकडे ना नेमणुकीचं पत्र, ना विमा, ना भविष्यनिर्वाह निधी. सरकारने पर्यटन-व्यवसायाला कर्जफेडीत सवलत दिली खरी. पण सवलत म्हणजे हप्ता पुढे ढकलणं, आणि पुढे ढकललेला हप्ता व्याजासह येतो. तो आला तेव्हा करोनाही आला होता. 2021 मध्ये वर्षभरात दोन लाखही पर्यटक आले नाहीत. 2018 मध्ये पर्यटनातून साधारण 440 कोटी डॉलर मिळाले होते, ते आता 50 कोटींवर उतरले.

इथून सबबींचा बाजार सुरू होतो. आमच्यावर ईस्टरचे स्फोट कोसळले, मग महामारी कोसळली, पर्यटन बुडालं, म्हणून देश बुडाला, असं गोटाबाया राजपक्षे यांच्या राजवटीचं समर्थन आजही केलं जातं. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणून तर ती सबब टिकते. पण थायलंडकडे पाहा. 2019 मध्ये तिथे जवळपास चार कोटी पर्यटक आले होते आणि 2021 मध्ये चार-साडेचार लाख. इतकी भयानक घसरण होऊनही थायलंडने कर्जदारांपुढे हात वर केले नाहीत, कारण वाईट दिवसांसाठी त्यांनी परकीय गंगाजळी साठवून ठेवली होती. श्रीलंकेने काय केलं? नोव्हेंबर 2019 मध्ये, ईस्टरच्या स्फोटांनी घाबरलेल्या मतदारांना सुरक्षेचं आश्वासन देऊन गोटाबाया राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि आल्या आल्या मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला. तिजोरी आधीच रिकामी होत होती, तिचं तोंड आणखी उघडलं. 2021 मध्ये डॉलर वाचवण्याच्या नादात रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली आणि वर सेंद्रिय शेतीचा सदरा चढवला. शेतकऱ्यांना ना तयारीला वेळ, ना पर्यायी खत. भाताचं पीक कोसळलं, चहाला फटका बसला, आणि ज्या देशाचं भातात भागत होतं त्याला तांदूळ बाहेरून आणावा लागला. नोव्हेंबरात बंदी उठवली, पण हंगाम गेला तो गेला.

आणि याच काळात समाजाचं लक्ष कुठे वळवलं गेलं? मे 2019 मध्ये कुरुनेगला, गंपहा जिल्ह्यांत पुन्हा मुसलमानांच्या दुकानांवर हल्ले झाले. पुढच्या वर्षी करोनाने मेलेल्या मुसलमानांना दफन करायला बंदी घालून त्यांचे देह सक्तीने जाळले गेले. शास्त्राचा आधार नसलेला हा नियम जवळजवळ वर्षभर चालला. बहुसंख्याकांच्या मनातल्या द्वेषाला सरकारी शिक्का मिळाला की महागाईबद्दल प्रश्न विचारणारे काही काळ गप्प बसतात. हे औषध श्रीलंकेत चाललं, तोपर्यंत चाललं.

मग 2022 उजाडलं. जानेवारीत सरकारने परदेशी रोख्यांचे 50 कोटी डॉलर फेडले, आणि मार्चमध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. रॉकेल-पेट्रोलच्या रांगांमध्ये उभी असलेली म्हातारी माणसं कोसळून मेली. 12 एप्रिलला देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली. 1948 च्या स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच. सप्टेंबरपर्यंत महागाईचा दर 70 टक्क्यांच्या आसपास गेला. त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक माणसं नोकरीसाठी परदेशी गेली.

एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तंबू पडले. लोक त्या चळवळीला ‘अरगलय’ म्हणत, म्हणजे लढा. सिंहली, तमीळ, मुसलमान, भिक्खू आणि पाद्री एका मैदानात बसले. कँडीच्या जाळपोळीला चार वर्षं झाली होती, हे लक्षात घेतलं तर ही साधी गोष्ट नव्हे. 9 मे रोजी राजपक्षे समर्थकांनी या तंबूंवर हल्ला केला, त्यावर उसळलेल्या संतापात घरं जळली, एक खासदार जीव गमावून बसला. चळवळीच्या अंगावरचा हा डाग झाकण्यात अर्थ नाही. पण 9 जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले तेव्हा तिथे सापडलेली रोकड, श्रीलंकेचे पावणेदोन कोटींहून जास्त रुपये, त्यांनी मोजून पोलिसांच्या हवाली केली. गोटाबाया आधी मालदीवला, तिथून सिंगापूरला पळाले आणि तिथूनच राजीनामा पाठवला.

या काळात पर्यटक रोडावले होते, हे उघड आहे. आणि नेमक्या अशा वेळी एक शहाजोग युक्तिवाद ऐकू येतो: आंदोलनं थांबवा, पर्यटक घाबरतात, तुमच्याच पोटावर पाय येतो. हॉटेलमालक तो काकुळतीने करतात, सत्ताधारी साळसूदपणे. मालकाची काकुळती मला समजते. सत्ताधाऱ्याचा युक्तिवाद मात्र अनैतिक आहे, कारण भुकेल्या माणसाने पाहुण्यासमोर हसत उभं राहावं अशी त्यात अपेक्षा आहे. 22 जुलैच्या पहाटे लष्कराने गॉल फेसचे तंबू उखडले. पर्यटकांना मैदान मोकळं झालं, हे खरं.

त्याच सुमारास इंधनाचं रेशनिंग आलं. टुकटुकला आठवड्याला पाच लिटर. पाच लिटरमध्ये कोलंबोतला चालक किती दिवस धंदा करू शकेल, याचा हिशेब ज्याने आयुष्यात एकदा तरी रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडण केलंय त्याने करून पाहावा. पाठोपाठ ऑगस्टमध्ये परदेशी पर्यटकांसाठी वेगळा इंधन-पास निघाला. परकीय चलनात पैसे भरा आणि पेट्रोल घ्या. डॉलर हवे होते, त्यामुळे या निर्णयामागचं अर्थशास्त्र चुकीचं म्हणता येणार नाही. पण ज्या देशात पाहुण्याला पेट्रोल मिळतं आणि त्याला स्टेशनवरून आणणाऱ्याला रांग मिळते, तिथे ‘अतिथी देवो भव’ म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

आपण मराठी माणसं श्रीलंकेला दोन वाटांनी जातो. एक वाट रामायणाची, नुवारा एलियाच्या सीता मंदिराकडे जाणारी. दुसरी बुद्धाची, अनुराधपुरच्या बोधिवृक्षाकडे आणि कँडीकडे. 1950 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कँडीला बौद्धांच्या जागतिक परिषदेसाठी गेले होते, त्यामुळे या दुसऱ्या वाटेला महाराष्ट्रात वेगळाच मान आहे. दोन्ही वाटांवरच्या प्रवाशांनी 2022 मध्ये विचारलेला प्रश्न एकच होता: ‘आता जाणं सेफ आहे का?’ तिथला रुपया गडगडल्यावर दुसरा प्रश्न आला: ‘आता स्वस्त पडेल ना?’ आपल्या पैशाची आणि जिवाची काळजी करण्यात गैर काही नाही. पण ज्यांच्या घरी चाललो त्यांच्या घरात काय चाललंय, हा तिसरा प्रश्न आपल्या सहलींच्या चौकशीत सहसा येतच नाही.

परक्या देशाला बोल लावून हा विषय संपत नाही. काश्मीरमध्ये दरवर्षी किती पर्यटक आले याचे आकडे आपल्याकडे वर्षानुवर्षं शांततेचा पुरावा म्हणून मिरवले गेले. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी 26 जणांना मारलं, बहुतेकांना धर्म विचारून. त्यांत डोंबिवली, पुणे, पनवेलची माणसं होती. त्यानंतर काश्मीरमधली 48 पर्यटनस्थळं बंद करण्यात आली, आणि मंदीचा पहिला घाव तिथल्या घोडेवाल्यांवर, शिकारेवाल्यांवर पडला. यांतल्याच काहींनी जखमींना पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. मारल्या गेलेल्या 26 जणांत पर्यटकांना वाचवताना जीव गमावलेला एक घोडेवालाही होता. आकड्याला शांतता म्हणण्याची किंमत पाहुण्यानेही चुकवली आणि यजमानानेही. तो आकडा मिरवणाऱ्यांना मात्र त्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

हिशेब मागण्याच्या बाबतीत श्रीलंका आपल्यापुढे आहे, हे कबूल करायला हवं. जानेवारी 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टरचे स्फोट रोखण्यात कसूर केल्याबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना स्वतःच्या खिशातून 10 कोटी रुपये पीडितांना भरपाई म्हणून द्यायला लावले. नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने गोटाबाया, त्यांचे भाऊ महिंदा आणि बासिल राजपक्षे यांच्यासह काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना आर्थिक कोसळणीला जबाबदार धरलं. जनतेने टाकलेल्या विश्वासाचा त्यांनी भंग केला, असा तो निर्णय होता. अर्जदारांना खटल्याच्या खर्चापोटी प्रत्येकी दीड लाख रुपये मिळाले. यालाच्या जीपवाल्याला आणि मिरिस्साच्या खोल्यावालीला या निकालाने काही मिळालं नाही, त्यांनी अर्जच केला नव्हता. पण त्यांच्या धंद्याच्या नुकसानीवर स्फोटांचं आणि महामारीचं नाव लिहिलं जात होतं, तिथे आता माणसांची नावं आली आहेत.