हबक्कूकचं 'तरी'

आजचं मनन: हबक्कूक 3:17-18

नोकरी जाऊन चार महिने झाले. प्रार्थनेत उपकारस्तुती करायला बसलो की शब्दच खोटे वाटायचे.

हबक्कूकचं पुस्तक सुरूच होतं तक्रारीने: देव ऐकत का नाही? शेवटी तो एकेक नुकसान मोजतो: अंजीर, द्राक्षं, जैतून, शेत, मेंढरं, गुरं. 'सगळं ठीक आहे' असं म्हणत नाही. सहाही गेली, तरी आनंद परमेश्वरातच, एवढंच ठरवतो.

काल मीही वहीत लिहिलं: पगार नाही, हप्ता थकलाय, झोप नाही. खाली लिहिलं, 'तरी'. पुढे तीनच शब्द सुचले: प्रभू, तू आहेस. उपकारस्तुती छोटी होती, पण खरी होती.

प्रभू येशू, आमच्याही यादीखाली 'तरी' लिहायला आम्हाला शिकव. आमेन.