शून्य रुपयांचा अर्थ

आरोग्याच्या अर्थशास्त्रावर एम.ए.चा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी राष्ट्रीय नमुना पाहणीची फाइल उघडतो, तेव्हा त्याला आधी दिसतात ती शून्यं. खर्चाच्या रकान्यात ओळीमागून ओळ शून्य, मध्येच कुठं तीनशे, कुठं एकदम दीड लाख. पाहणीत दवाखान्यात भरती झाल्याचं वर्षभराचं विचारतात, इतर आजारपणाचं फक्त १५ दिवसांचं. शून्यं येणारच. पण खर्चाच्या आकड्यांचा लॉगॅरिदम घ्यावा हे वर्गात पाठ झालेलं असतं आणि शून्याचा लॉग निघत नाही. मग पोरगं प्रत्येक आकड्यात एक रुपया मिळवून पुढं जातं. आहेराच्या पाकिटात वरचा रुपया शोभतो. इथं रुपयाऐवजी पैसा मिळवला की उत्तरच बदलतं.

यावर पुस्तकात इलाज आहेत. जेम्स टोबिन यांनी १९५८ साली एक दिला. पुढं अमेरिकेतल्या रँड विमा-प्रयोगातून दोन टप्प्यांची रीत रुळली: आधी खर्च झाला की नाही ते बघा, मग झाला तर किती. जेम्स हेकमन म्हणाले, खर्च करणारे आणि न करणारे मुळातच वेगळे असू शकतात, तो वेगळेपणा हिशेबात धरा. संगणकाला तिन्ही सारखेच. सांगाल ते तो मुकाट्यानं करून देतो. यातलं कुठलं घ्यायचं, हे ते शून्य कुणाचं आहे यावर ठरतं. आणि ते कळायला खुर्चीवरून उठावं लागतं, असं माझं मत आहे.

कोल्हापुरात त्यासाठी लांब जायला नको. हंगामात शिरोळ, कागलच्या उसात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. बाई तापानं पडली तर कोयता बंद आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, लागतो. म्हणून ती गोळी गिळून मोळ्या बांधते. दवाखान्याचा खर्च शून्य. गावातल्या धडधाकट बागायतदाराचाही शून्य. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कार्ड चालून ज्याचं ऑपरेशन फुकट झालं, त्याचाही शून्यच. फाइलमध्ये तिघं शेजारी. त्या बाईला ‘१५ दिवसांत आजारी होता का?’ म्हणून विचारलं, तर ती बहुधा ‘नाही’च म्हणेल, कंबरदुखीला ती आजार समजतच नाही. आयुर्मानात पुढं असलेल्या केरळात आजाराच्या तक्रारी जास्त आणि बिहारात कमी, हे अमर्त्य सेन यांनी दाखवलं, त्यामागंही हेच कारण.

महात्मा फुले योजनेचा परिणाम मोजायचा तर आयती तुलना हाताशी आहे, असं वाटतं. ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावानं जुलै २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात सोलापूर होतं, कोल्हापूर नव्हतं. ते नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं. दोन जिल्ह्यांतल्या आधीच्या आणि नंतरच्या खर्चाची वजाबाकी केली की झालं! पण २०१२-१३ चा दुष्काळ सोलापूरला भाजून गेला, पंचगंगेकाठी त्याची तशी झळ नव्हती. तेव्हा सोलापुरातला खर्च घटलेला दिसला, तर तो योजनेनं घटला की खिशात पैसाच नव्हता म्हणून दुखणं अंगावर काढलं गेलं? वजाबाकीचं सूत्र याचं उत्तर देत नाही. पाऊस आणि चारा-छावण्या ठाऊक असलेला माणूस निदान शंका तरी काढतो.

देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारी खर्च वाढला हे खरं, आणि ही बातमी वाईट नव्हे. तरी त्या हिशेबालाही घरोघरच्या पाहणीचाच मोठा आधार असतो, म्हणजे पुन्हा तीच शून्यं. न घेतलेल्या उपचाराला बिल नसतं.

म्हणून प्रबंधाला बसणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: फाइल थोडी उशिरा उघडली तरी चालेल. आधी दोन दिवस फडावर जा आणि ‘किती खर्च झाला?’ याच्याआधी ‘शेवटचा खाडा कधी पडला?’ हे विचारा. टोळ्या साधारण मार्चपर्यंत इथंच असतात.