तेरा कोटींना १०८ ने भाग जात नाही

आजचं चिंतन : गीता, अध्याय २, श्लोक ४०



गेल्या आठवड्यात फोन बदलला आणि जपाच्या अ‍ॅपमधला आकडा शून्य झाला. ३०० दिवस, रोज पाच माळा, म्हणजे १,६२,००० जप. ऑफिसात बॅकअपवरून सगळ्यांना सुनावणारा मी, स्वतःचा बॅकअप घेतलाच नव्हता! पुढचे तीन दिवस माळेला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी समर्थांचा आकडा आठवला. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. म्हणजे रोज साधारण २९,७००. सेकंदाला एक धरला तरी सव्वाआठ तास!

मग सवयीने त्या संख्येचे अवयव पाडले. १३,००,००,००० म्हणजे सात वेळा २, सात वेळा ५ आणि एकदा १३ यांचा गुणाकार. त्यात ३ कुठेच नाही. १०८ मध्ये मात्र दोन वेळा २ आणि तीन वेळा ३ आहे. त्यामुळे निःशेष भाग जाणं शक्यच नाही. १२,०३,७०३ माळा पूर्ण होतात आणि तेरा कोटीवा जप पुढच्या माळेच्या ७६व्या मण्यावर येतो. आकडा पुरा होतो, पण माळेचे ३२ मणी उरतातच. तिथे कुणी माळ खाली ठेवेल का?

आजीला फोन केला. ती म्हणाली, "अरे, माळ एकशे आठची, पण धरायची शंभरच. वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. तुझं हरवलेलं त्यातच गेलं समज."

या हिशेबाने तेरा कोटींना बरोबर १३ लाख माळा लागतात. प्रत्यक्ष जप होतो १४ कोटी ४ लाख. म्हणजे १ कोटी ४ लाख जप कुठल्याच खात्यात नाहीत. डेटा पाठवताना आम्हीही जास्तीचे बिट्स जोडतो, वाटेत काही बिघडलं तर मूळ संदेश सावरता यावा म्हणून. आजीला हे कुठल्या कॉलेजने शिकवलं नव्हतं.

आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, की या मार्गावर सुरू केलेलं काही वाया जात नाही. थोडंसं आचरणही मोठ्या भयातून तारतं. मी हे कितीदा वाचलंय. तरी स्क्रीनवर शून्य दिसल्यावर मला वाटलं, सगळं गेलं. खरं सांगायचं तर माझा जप रामासाठी कमी आणि त्या आकड्यासाठी जास्त चालला होता. फोनमधून गेला तो फक्त आकडा. जप सोडला तो मी, तीन दिवस.

आकडा वाईट नाही हं. तो आपल्याला रोज आसनावर बसवतो. पण बसल्यावर नाम घ्यायचं, आकडा नाही.

आजचा संकल्प : एक माळ, काउंटर बंद ठेवून. मन भटकलं तर चिडू नका, पुढचा मणी ओढा. चुकल्यामाकल्याचे आठ आहेतच.

॥ श्रीराम ॥